अंगठ्याची किंमत

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नावाचे एक लहानसे स्थानक आहे. तेथील नृसिंहाचे प्राचीन मंदिर पंचक्रोशीत प्रसिद्ध असून वैशाखात नृसिंहजयंतीला तेथे भाविकांची मोठी दाटी होते. देवस्थान म्हटले की नारळ, हारफुले, खेळणी व खाऊ यांची दुकाने आलीच. आणि महाराष्ट्रातील कोणत्याही देवळापुढे पाहावे, तर दुकान मांडून बसलेल्यांत कितीतरी स्त्रिया आढळतात.

भाविकाला दिसते ते दुकान; त्यामागचा दिवस त्याला दिसत नाही. उजाडण्यापूर्वी उठावयाचे, पाणी भरावयाचे, भाकरी थापावयाची, मुलांना शाळेत धाडावयाचे आणि मग पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठावयाचा. एका हाताने गिऱ्हाइकाला मोड द्यावयाची, दुसऱ्या हाताने मांडीवरचे लेकरू थोपटावयाचे. सायंकाळी दुकान मिटले, तरी घरची चूल वाट पाहत असतेच. एका दिवसात दोन दिवसांचे काम उरकणाऱ्या या स्त्रीला दोन गोष्टींची सदैव उणीव भासते. पहिली वेळेची, आणि दुसरी, कष्टाचा पैसा सुरक्षित ठेवण्यासाठी हक्काच्या जागेची. ही उणीव सातारा जिल्ह्यातील काही स्त्रियांनी कशी भरून काढली, त्याची कथा ऐकण्यासारखी आहे.

सातारा जिल्ह्यात माण नावाचा तालुका आहे. पावसाचे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि या मुलखाच्या वाट्याला दुष्काळ येतो. या तालुक्यातील म्हसवड हे गाव सिद्धनाथाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत वाढलेल्या आणि जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात घडलेल्या चेतना सिन्हा विवाहानंतर याच गावी येऊन राहिल्या.

एके दिवशी कांताबाई नावाची एक स्त्री त्यांच्याकडे आली. रस्त्याच्या कडेला भाता फुंकून लोखंडाची अवजारे घडविणे हा तिचा व्यवसाय, आणि तो रस्ता हेच तिचे घर. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर घालण्यास प्लास्टिकचे एक कापड घ्यावे, म्हणजे मुले भिजणार नाहीत, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी रोजच्या मिळकतीतून थोडे थोडे पैसे तिला साठवावयाचे होते. चेतनाबाई तिला घेऊन एका बँकेत गेल्या. परंतु एवढ्या अल्प रकमेसाठी खाते उघडणे परवडत नाही, असे म्हणून व्यवस्थापकाने तिला परत पाठविले. कांताबाई कर्ज मागत नव्हती, की दान मागत नव्हती. स्वतःच्या घामाचे पैसे ठेवण्यास तिला केवळ जागा हवी होती!

कांताबाईसारख्या स्त्रियांसाठी आपणच बँक का काढू नये, असा विचार चेतनाबाईंच्या मनात आला. बँक काढावयाची, तर रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. त्यांनी अर्ज केला; पण तो फेटाळला गेला. बँकेच्या संस्थापक सभासदांत पुष्कळ स्त्रिया निरक्षर होत्या, त्यांनी सहीऐवजी अंगठे उठविले होते. अशांच्या हाती बँक कशी द्यावी, असा अधिकाऱ्यांचा प्रश्न होता.

चेतनाबाई डोळ्यांत पाणी घेऊन गावी परतल्या. परंतु त्या स्त्रिया खचल्या नाहीत. लिहिता-वाचता येत नाही ना, मग आपण शिकू आणि पुन्हा अर्ज करू, असे त्यांनीच चेतनाबाईंना सांगितले. वर्ग सुरू झाले. दिवसभर काम करावयाचे आणि त्यानंतर वर्गात येऊन अक्षरे गिरवावयाची, असा क्रम त्यांनी चालविला. ज्या हातांनी घण उचलले, खुरपे धरले, त्या हातांना लेखणी प्रथम जड वाटली असेल. तथापि त्यांनी ती सोडली नाही.

पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज करण्यात आला. या वेळी चेतनाबाई एकट्या गेल्या नाहीत. त्यांच्यासोबत 15 स्त्रिया रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, मग आमच्या अशिक्षितपणाचा दोष आमच्याकडे कसा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना विचारले. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. कोणत्याही मुदलावरील व्याज आम्हांस विचारा. सांगता आले नाही तर परवाना देऊ नका. आणि आपल्या माणसांनाही यंत्रावाचून तोच हिशेब करावयास सांगा, म्हणजे कोण लवकर करते ते कळेल, असे आव्हानच त्यांनी दिले.

हे आव्हान पोकळ नव्हते. पाचशे रुपयांवर दरमहा शेकडा दोनप्रमाणे सात महिन्यांचे व्याज किती, या प्रश्नाला आपण पाटी शोधू. ज्या घरात सावकाराचे ऋण आहे, तेथील बाई मात्र सत्तर रुपये हे उत्तर बोटांवर देते, कारण हिशेब चुकला तर तिच्या मुलांच्या ताटातील घास कमी होतो.

परवाना मिळाला. 1997 साली म्हसवड येथे माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली.

पुढे एक नवी अडचण उभी राहिली. बँकेत यावे, तर कामाचा दिवस बुडतो, आणि दिवस बुडाला तर चूल थंडावते. तेव्हा, स्त्रिया बँकेकडे येऊ शकत नसतील, तर बँकेनेच त्यांच्याकडे जावे, असे ठरले. बँकेची माणसे बाजारात व घरोघर जाऊन पैसे जमा करू लागली. व्यवसायाचे शिक्षण देण्यासाठी शाळाही बसगाडीत बसून गावोगाव निघाली.

कालांतराने यंत्राद्वारे व्यवहार करण्याची सोय आली. त्यासाठी प्रत्येकीने एक गुप्त क्रमांक लक्षात ठेवावा, अशी योजना होती. स्त्रियांना ती पटली नाही. क्रमांक कोणीही चोरील, पण आमचा अंगठा कोण चोरणार, असे त्या म्हणाल्या, आणि अंगठ्याचा ठसा हीच खूण ठरवावी असे त्यांनी सुचविले. ज्या अंगठ्यामुळे परवाना नाकारला गेला, तोच अंगठा आता त्यांच्या तिजोरीची किल्ली झाला!

घर आणि व्यवसाय यांचा मेळ कसा घालावा, असा प्रश्न बहुधा एकट्या स्त्रीलाच विचारला जातो. म्हसवडच्या स्त्रियांच्या अंगी जिद्द होती, यात संशय नाही. परंतु बँक त्यांच्या दारी गेली, तेव्हाच त्यांचा दिवस वाचला, हेही तितकेच खरे. त्या दोन पारड्यांची तागडी तोलण्यास इतरांचाही हात लागतो. तिची भाकरी जे खातात, त्यांनी तिची घागर भरून ठेवावी. मुलाने धाकट्या बहिणीला शाळेत पोचवावे. पित्याने चुलीपुढे बसण्यात कमीपणा मानू नये. देवळापुढच्या दुकानातून नारळ घेताना त्या दुकानामागचा दिवस ज्याला दिसेल, त्याला हा पाठ समजला असे म्हणता येईल.

स्वाध्याय

1. कांताबाईला पैसे कशासाठी साठवावयाचे होते?
2. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज का फेटाळला? त्यावर स्त्रियांनी काय केले?
3. ‘तोच अंगठा आता त्यांच्या तिजोरीची किल्ली झाला’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. तुमच्या घरातील स्त्रिया पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणकोणती कामे करतात, त्यांची यादी करा. त्यांपैकी कोणती कामे तुम्ही करू शकाल?
5. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : ओढाताण, मुद्दल, आव्हान, मेळ घालणे.