कमरेतल्या सुईबद्दल

जालना

चि. सोनूस,

बाळंतपणात कळा कमी करायला कमरेत देतात ते एपिड्युरल घेऊ का, असं तू विचारलंस. पहिलं बाळंतपण माहेरी परतूरलाच व्हावं, हा तुझ्या आईचा आग्रहही त्याच पत्रात कळवलास. तुझ्या दृष्टीने हे दोन प्रश्न असतील, मला तो एकच वाटतो. भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढलेल्या आत्याचं म्हणणं ऐक. एपिड्युरल घ्यायला माझी ना नाही. पण सुई देऊन भूलतज्ज्ञ दुसऱ्या ऑपरेशनला निघून जातो, अशा दवाखान्यात ती घ्यायला माझा ठाम विरोध आहे.

कमरेत सुई घेतली की जन्माची पाठ जाते, असं आजी म्हणते. ती भीती सोडून दे. सुईच्या जागी काही दिवस दुखतं, तेवढंच. वर्षानुवर्षांची कंबरदुखी सुई न घेतलेल्या बाळंतिणींनाही तितकीच होते.

खरे धोके वेगळे आहेत आणि ते विरळ आहेत. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या माहितीपत्रकात ते दिले आहेत. तीव्र डोकेदुखी १०० जणींत एकीला होते. सहा महिन्यांहून जास्त टिकणारी नसेची इजा १३,००० त एकीला, मणक्यात पू ५०,००० त एकीला, रक्ताची गाठ १,७०,००० त एकीला. पाय लुळे पडण्यासारखी गंभीर इजा अडीच लाखांत एकीला. हे वाचून धीर येईल, यायलाच हवा. मात्र तिकडे कळा सोसणाऱ्या बाईजवळ प्रशिक्षित सुईण असते आणि भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो, हे त्या आकड्यांबरोबर लक्षात ठेव.

औषध मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत सोडायचं असतं. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तोंडात धातूची चव येते, कानात गुणगुणतं, ओठ बधिर होतात. पुढे झटके येतात, हृदय थांबू शकतं. अशा मृत्यूंमुळेच अमेरिकेत १९८४ साली ०.७५ टक्क्याचं बुपिवाकेन हे भुलेचं औषध बाळंतिणींसाठी बंद केलं गेलं. आता औषध पातळ असतं, आधी थोडंसं देऊन वाट पाहतात, आणि अपघात झालाच तर २० टक्क्यांचं लिपिड, म्हणजे चरबीचं द्रावण, शिरेतून देतात. ते लिपिड लेबर रूमजवळ ठेवलेलं आहे का, हे तू स्वतः विचार. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे. औषध आवरणाच्या आतल्या पाण्यात गेलं तर बधिरपणा वर चढतो, हाताला मुंग्या येतात, बोलताना दम लागतो. यातलं काहीही जाणवलं की संकोच न करता मोठ्याने हाक मार. अशा वेळी मिनिटांचा हिशेब असतो.

आणि चूक सुईचीच असते असंही नाही. सिडनीत २०१० साली सलाइनऐवजी जंतुनाशक एपिड्युरलमध्ये गेलं आणि एक धडधाकट बाई कायमची अपंग झाली. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडबद्दल सावध केलं, कारण रक्तस्राव थांबवणारं हे औषध भुलेचं समजून पाठीत दिलं गेल्याच्या घटना घडत होत्या. दोन्हींच्या बाटल्या सारख्या दिसतात. घाईतल्या, एकट्या डॉक्टरकडून हे होतं. म्हणून माणसं पुरेशी असलेला दवाखाना निवड, मग तो तुझ्याकडे पुण्यात असो की इथे जालन्यात.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती घरी आल्यानंतरची. बसलं की डोकं फुटायला होतं आणि आडवं झालं की उतरतं, ही सुईने आतल्या आवरणाला भोक पडल्याची खूण. आपल्याकडे लगेच ‘वारं लागलं’ म्हणून कान बांधतात, शेक देतात, अंधाऱ्या खोलीत निजवतात. बहुतेक वेळा ते दुखणं ओसरतं. न ओसरल्यास बाईचंच थोडं रक्त पाठीत सोडून ते भोक बुजवता येतं. पण दुर्लक्ष झालं तर कवटीत रक्तस्रावही होऊ शकतो, आणि बाळंतिणीची डोकेदुखी वाढलेल्या रक्तदाबाचीही असू शकते. मणक्यातला पू त्याहून फसवा. ताप, पाठीत ठणका, मग पायातलं बळ जाणं, लघवी अडणं. हे काही दिवसांनी सुरू होतं, सव्वा महिन्याच्या आत, आणि घरातल्या बायका म्हणतात, ‘बाळंतपणात दुखायचंच.’ पाय लुळे पडेपर्यंत थांबलं तर मग ऑपरेशन करूनही त्यांत बळ परत येईल याची खात्री नाही. परतूरहून जालना आणि जालन्याहून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, म्हणजे एमआरआयपर्यंत पोचायलाच अर्धा दिवस जातो. माहेरी ये, पण हे वहिनीला आधी समजावून ये.

गर्भ टिकावा म्हणून पोटात घेतेस ती हेपॅरिनची इंजेक्शनं कुणापासून लपवू नकोस. शेवटच्या इंजेक्शननंतर कमीत कमी बारा तास, डोस मोठा असेल तर चोवीस तास जाईपर्यंत कमरेत सुई टोचत नाहीत. प्लेटलेट्सही पाहाव्या लागतात.

परतूरलाच ठरलं आणि भूलतज्ज्ञ तिथे थांबणारा नसला, तर एपिड्युरलचा हट्ट धरू नकोस. तेव्हा सोबत चांगली हवी. सरकारी दवाखान्यांतही २०१६ पासून घरची एक बाई लेबर रूममध्ये थांबू शकते. हवं तर मी येईन.

रक्ताचा ताजा रिपोर्ट आणि हेपॅरिनच्या डोसचा कागद मला पाठव. तुझ्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलेन.

तुझी,
आत्या