पाणी सुटलेल्या कीशचा दोष ओव्हनला नको

कीश कापताना सुरीमागोमाग पिवळसर पाणी ताटलीत उतरलं की शिकवणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: तुमचा ओव्हन नीट नाही, नाहीतर तुमचा हात बसलेला नाही. हे उत्तर मी पुष्कळ ऐकून घेतलं, आता ते मला मान्य नाही. दोष बहुतेकदा पाककृतीत असतो आणि भुर्दंड मात्र करणाऱ्याला पडतो. कीश म्हणजे शेवटी दूध-क्रीममध्ये बांधलेलं अंडं. हे मिश्रण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास बसतं. त्यापुढे तापत गेलं की अंड्यातली प्रथिनं आवळतात आणि धरलेलं पाणी सोडतात. त्यामुळे ‘वरून छान लालसर होईपर्यंत भाजा’ ही सूचनाच घात करते. कडा फुगून बसल्या आहेत आणि टिन हलवल्यावर मधला दोन इंचांचा भाग अजून थरथरतो आहे, त्याच वेळी कीश बाहेर काढावा. उरलेलं काम आतली उष्णता करते. अंडं कच्चं राहील ही भीती रास्त आहे. पण अंड्याचे पदार्थ ७१ अंशांना सुरक्षित मानले जातात आणि थरथरणारा मध्य तोवर ७५च्या पुढे गेलेला असतो. शंका असेल तर थर्मामीटर खुपसून पाहा.

दुसरं पाणी भाजीचं. ईशान्य फ्रान्समधल्या लॉरेन प्रांताच्या जुन्या कीशमध्ये अंडी, क्रीम आणि खारवून धुरी दिलेलं डुकराचं मांस एवढंच असे; ओली भाजी नव्हतीच. पालक आणि मश्रूम यांत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते घालायचे आणि अंड्या-क्रीमचं प्रमाण मात्र तेच ठेवायचं, हे सांगणाऱ्यांनी विचारच केलेला नसतो. पालक वाफवून मुठीत घट्ट पिळा, मश्रूम कढईत कोरडे होईपर्यंत परता आणि दोन्ही गार झाल्यावरच घाला. एका अंड्याला अर्धा कप दूध-क्रीम पुरे.

‘क्रस्ट काढा, काम सोपं होतं’ हा सल्ला मला सर्वांत खटकतो. क्रस्ट, म्हणजे खालची मैद्याची पारी, अंड्याला तापलेल्या पत्र्यापासून राखतो. तो काढलात तर ओव्हनचे नेहमीचे १८० अंश चालणार नाहीत. १६० वर या, काचेचं भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा, मिश्रणात चमचाभर कॉर्नफ्लोअर घाला. स्टार्चमुळे प्रथिनं लवकर आवळत नाहीत. क्रस्टशिवाय कीश हलका होतो हे खरं, पण तो जास्त जपावा लागतो, आणि हे आधी सांगायला हवं. क्रस्ट करणार असाल तर २०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम लोणी घ्या. करंजीला कडकडीत मोहन घालायची सवय इथे उपयोगाची नाही. लोणी फ्रिजमधलं गार हवं, उन्हाळ्यात मैदा आणि परातही गार करा. टिनमध्ये लावलेल्या पारीवर बेकिंगचा कागद घालून वजनासाठी कोरडा राजमा पसरा आणि आधी ती कोरी भाजून घ्या. कागद काढून तळ कोरडा दिसेपर्यंत पुन्हा भाजा. हा टप्पा वेळ वाचवायला गाळणाऱ्या पाककृतीवर विश्वास ठेवू नका.

घाई करू नका, साहित्य ताजं घ्या, हे आहेच. पण कोणतीही पाककृती हाती घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: भाजीचं पाणी काढायला सांगितलं आहे का, क्रस्ट नसेल तर आच कमी केली आहे का, आणि काढायची खूण रंगाची आहे की थरथरण्याची. यातलं एकही नसेल तर तुमची अंडी तिच्यावर खर्च करू नका.