इसब : कारणे, प्रकार आणि उपचार

विनयपिटकाच्या महावग्गात भदन्त आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांची हकिकत आहे. त्यांना त्वचारोग जडला होता. जखमांतून स्रवणाऱ्या पाण्यामुळे चीवर अंगाला चिकटे, आणि सोबतचे भिक्खू पुन्हा पुन्हा पाणी लावून ते सोडवीत. हे पाहून तथागतांनी अशा रुग्णांसाठी औषधी चूर्णाची अनुज्ञा दिली. बेलट्ठसीसांना कोणी दूर केले नाही.

हा प्रसंग वर्गात सांगणारे आम्ही शिक्षकच एकदा तो विसरलो. एका हिवाळ्यात सहावीतील विद्यार्थ्याच्या कोपराच्या आतील व गुडघ्यामागील घडीत खाज सुटून कातडी फाटली. खरूज समजून आम्ही त्याचे अंथरूण वेगळे केले, पंगतीतही बाजूला बसविले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हे इसब आहे, ते कोणालाही लागत नाही. तोवर ते लेकरू पंधरा दिवस एकटे जेवले होते.

इसब म्हणजे त्वचेचा दाह. त्याचे प्रकार अनेक आहेत. बालवयातील इसब बहुधा आनुवंशिक असते. अशा घरांत दमा किंवा वारंवार शिंका येण्याची प्रवृत्तीही आढळते. या मुलांची त्वचा ओलावा धरून ठेवण्यात दुबळी असते, म्हणून थंडीत त्रास वाढतो. दुसरा प्रकार स्पर्शजन्य इसबाचा. बिब्ब्याचे तेल, गाजरगवत, नकली दागिने, तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक कामगारांच्या रोजच्या हाताळणीतले सिमेंट, ही त्याची कारणे. टाळूवर कोंड्यासह येणारे आणि फुगलेल्या शिरांमुळे पायांवर होणारे इसबही असते.

मात्र प्रत्येक खाज इसबाची नसते. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर बारीक पुरळ आणणारी आणि सोबत्यांनाही होणारी खाज खरजेची असते. तेथे एका खोलीतील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे, कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत. गोल कडा असलेला, पसरणारा चट्टा गजकर्णाचा असू शकतो. फिकट वा लालसर, बधिर चट्टा दिसल्यास कुष्ठरोगाची तपासणी विनाविलंब करावी. आनंदवन ज्या जिल्ह्यात उभे राहिले तेथील आपण लोक. या रोगावर शासकीय आरोग्य केंद्रात मोफत औषध मिळते आणि तो पूर्ण बरा होतो, हे आपण तरी जाणले पाहिजे.

इसब बहुधा समूळ जात नाही, पण आटोक्यात राहते. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान करावे, सौम्य साबण वापरावा, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. नखे कापलेली व कपडे सुती असावेत. स्टेरॉइडचे मलम डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस लावावे. दुकानातून स्वतःहून आणलेली मिश्र मलमे प्रारंभी आराम देतात, पुढे कातडी पातळ करतात व गजकर्ण चिवट करतात. इसबावर बिब्बा मुळीच लावू नये. पू किंवा ताप असल्यास त्वरित दवाखाना गाठावा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांचे आपण वारस आहोत. इसबाचे मूल पंगतीबाहेर बसवणे आपल्याला शोभत नाही. त्या विद्यार्थ्याची आम्ही क्षमा मागितली. त्याच संध्याकाळी तो पुन्हा पंगतीत आमच्या शेजारी बसला.