चक्रीफूल आणि तान्हे बाळ

चि. मेघना,

चक्रीफूल हे दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनाममधल्या एका सदाहरित झाडाचे फळ. त्याला बहुधा आठ पाकळ्या असतात आणि पाकळीत एकेक चकचकीत बी. त्याचा वास ॲनिथोल या द्रव्यामुळे येतो. बडीशेपेतही तेच असते, म्हणून बाळाच्या पोटदुखीवर बडीशेपेचे पाणी चालते तर चक्रीफुलाचेही चालेल, असे सहज धरले जाते. मग न्यू जर्सीतल्या दुकानातून सुटे आणलेले चक्रीफूल उकळून दोन महिन्यांच्या बाळाला चमच्याने पाजले जाते. ही बातमी आजोळी पोचल्यावर तिथे कोणाचा डोळा लागत नाही.

भीतीचे कारण जपानी चक्रीफूल. हे झाड जपानात देवळांच्या आणि स्मशानांच्या आवारात लावतात, त्याचा धूप करतात. खात मात्र नाहीत. त्यातले ॲनिसॅटिन हे विष मज्जासंस्थेवर चालते. उलट्या होतात, झटके येतात. वाळल्यावर दोन्ही फळे इतकी सारखी दिसतात की खात्री प्रयोगशाळेतच होते. २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाचा चहा पिऊ नये, असा इशारा दिला. तेव्हा सुमारे ४० जण आजारी पडले होते आणि त्यांत साधारण १५ तान्ही बाळे होती.

स्वयंपाकासाठी घ्यायचे तर अख्खे, बंद पाकिटातले आणि वनस्पतीचे नाव ‘इलिशियम व्हेरम’ असे छापलेले घ्यावे. पूड घेऊ नये. नाव नसलेली पुडी ओळखीच्या दुकानातली असली तरी नको. बिर्याणीच्या पातेल्याला दोन-तीन पाकळ्या पुरतात. जास्त झाल्या तर भाताला औषधाचा वास येतो. गोड्या मसाल्यात ते मंद आचेवर परतून घालावे. तयार मसाल्याच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचावी, कारण पुष्कळ मिश्रणांत मीठ असते, काहींत मोहरी आणि तीळही.

बाळासाठी मात्र अस्सल चक्रीफूलही नको. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते. ते नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दूध, वरचे काहीच नाही. पोटदुखीचे रडणे बहुतेक बाळांत तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होते. काढा पोटात गेल्यावर उलट्या, अंगाला झटके किंवा नेहमीपेक्षा वेगळी चिडचिड दिसली, तर पुडीसकट थेट इस्पितळ गाठावे. अमेरिकेत विषबाधेची मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते.

रात्र रात्र रडणारे मूल खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या एकट्या आईला दोष देणे अन्यायाचे आहे. हाताशी आजी नाही, शेजारीण नाही, आणि काढा दिला तोही मायेपोटीच. आधीच्या पिढीनेही बाळगुटीत काय काय उगाळले, ते डॉक्टरांना कधी विचारले नाही. तेव्हा रागावणे राहू द्यावे. उरलेला काढा आजच ओतून टाकावा, स्वतः दोन घास वेळेवर खावेत आणि बाळ कसे आहे ते फोन करून कळवावे. रात्री कितीही वाजता केला तरी चालेल.

— मोठी मावशी