करुणाध्यानाने सुभेदारांना झोप लागेल?

प्रश्न : सासरे निवृत्त सुभेदार, वय 72. रात्री दचकून उठतात, दिवसभर गप्प. करुणाध्यानाचा उपयोग होईल?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : होईल, पण औषधांच्या जागी नव्हे.

अमेरिकेत 184 माजी सैनिकांवरचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मनावरच्या आघातासाठी मैत्रीध्यान, म्हणजे तुम्ही म्हणता ते करुणाध्यान, हे रूढ मानसोपचारापेक्षा उणे ठरले नाही. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात हेच ध्यान ‘मंगल मैत्री’ या नावाने दहाव्या दिवशी शिकवतात. सुभेदारांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिबिरातले एवढ्या दिवसांचे मौन धरू नये. घरी ओटीवर दहा मिनिटे पुरेत : आधी जिव्हाळ्याच्या माणसाचे, मग स्वतःचे भले चिंतायचे. फौजी माणसाला स्वतःचे भले चिंतणेच जड जाते. सोबती गेले, मी उरलो, ही बोच आड येते.

तपासणी आधी. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1886 पासूनचे. तिथे जाणे म्हणजे ‘वेड’ नव्हे. फोनवर बोलायचे तर टेलि-मानस : 14416.