थोड्यांवरून सर्वांचे अनुमान : संख्याशास्त्रज्ञ यारोस्लाव हायेक

एखाद्या भागात यंदा भाताचे पीक किती आले, हे ठरविण्यासाठी प्रत्येक शेतातील प्रत्येक लोंबी तोलली जात नाही. काही गावे, त्या गावांतील काही शेते आणि त्या शेतांतील ठरावीक मापाचा एक तुकडा निवडून तेवढेच पीक कापले, मळले व तोलले जाते. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. या थोड्या तुकड्यांवरून सबंध क्षेत्राच्या उत्पन्नाचे अनुमान काढले जाते आणि पीक विम्याची भरपाई त्या अनुमानावर अवलंबून असते. अनुमान चुकले तर ज्याचे पीक बुडाले, तोच शेतकरी भरपाईलाही मुकतो. थोड्यांवरून सर्वांविषयी बोलावे कसे आणि त्या बोलण्यावर विश्वास तरी किती ठेवावा, हा म्हणूनच केवळ विद्वानांच्या चर्चेचा प्रश्न नव्हे. या प्रश्नाला गणिताचा भक्कम आधार देणाऱ्यांमध्ये झेक गणितज्ञ यारोस्लाव हायेक यांचे स्थान मोठे आहे.

शिक्षण व कार्यक्षेत्र

हायेक यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९२६ रोजी तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील पोद्येब्राडी या गावी झाला. ते तेरा वर्षांचे असताना जर्मन सत्तेने देशातील झेक विद्यापीठांना टाळे ठोकले. १९३९ च्या नोव्हेंबरात बंद झालेली ही विद्यापीठे १९४५ साली महायुद्ध संपल्यावरच पुन्हा उघडली. त्या पहिल्या युद्धोत्तर पिढीबरोबर हायेक यांनी प्राग येथील तंत्रविद्यापीठात सांख्यिकीचा अभ्यास केला. पुढे ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीच्या गणित संस्थेत संशोधन करू लागले आणि नंतर १३४८ साली स्थापन झालेल्या चार्ल्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९५५ साली हंगेरीचे गणितज्ञ आल्फ्रेड रेन्यी यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेली असमता आजही 'हायेक-रेन्यी असमता' या नावाने शिकविली जाते.

निवडीचे शास्त्र

नमुना निवडताना चांगले दिसेल ते शेत घ्यावे, किंवा रस्त्यालगतचे सोयीचे म्हणून घ्यावे, असे केल्यास अनुमान एका बाजूला झुकते. यास्तव निवड चिठ्ठ्या टाकून करावी लागते. शास्त्रीय भाषेत तिला यादृच्छिक निवड म्हणतात. भारतात पिकांच्या पाहणीला ही शिस्त लावण्यात डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने पुढे रोम येथील अन्न व कृषी संघटनेतही दीर्घकाळ काम केले.

मर्यादित संख्येच्या समूहातून, एकदा उचललेली चिठ्ठी परत न टाकता नमुना घेतला असता त्याची सरासरी कोणत्या अटींवर भरवशाची ठरते व तिच्यातील चूक कोणत्या नियमाने वागते, हे हायेक यांनी १९६० च्या आपल्या निबंधात काटेकोरपणे दाखवून दिले.

सर्कशीतील हत्तींची गोष्ट

कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील विद्वान देवव्रत बसू यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. एका सर्कशीच्या मालकाला आपल्या ५० हत्तींचे एकूण वजन अदमासाने हवे होते. सांबो नावाचा हत्ती मध्यम आकाराचा होता. त्याला तोलून वजनाची ५० पट करावी, असा मालकाचा साधा विचार. परंतु सर्कशीच्या संख्याशास्त्रज्ञाने निवड चिठ्ठीनेच झाली पाहिजे, असा आग्रह धरला. अखेर तडजोड झाली. सांबोची निवड होण्याची संभाव्यता १०० पैकी ९९ ठेवली आणि उरलेल्या ४९ हत्तींपैकी प्रत्येकाची ४,९०० पैकी १. अपेक्षेप्रमाणे चिठ्ठी सांबोचीच निघाली.

त्या काळच्या मान्य सूत्रानुसार, मिळालेल्या वजनाला निवडीच्या संभाव्यतेने भागावयाचे होते. समजा, सांबोचे वजन ४,००० किलो भरले. तर सूत्राप्रमाणे पन्नास हत्तींचे मिळून वजन सुमारे ४,०४० किलो! आणि ४,५०० किलोंच्या दुसऱ्या एखाद्या हत्तीची चिठ्ठी निघाली असती, तर उत्तर २ कोटी २० लाख ५० हजार किलो आले असते. असंख्य वेळा चिठ्ठ्या टाकल्या तर या उत्तरांची सरासरी बरोबर येते, हे खरे. पण तोलण्याची संधी एकदाच मिळणार होती. गोष्टीतील संख्याशास्त्रज्ञाची नोकरी गेली, यात नवल नाही.

या निबंधावरील चर्चेत हायेक यांनी सुचविलेला उपाय सोपा होता. निवडलेल्या प्रत्येकाला त्याच्या संभाव्यतेनुसार भार द्यावा, परंतु मग सर्व भारांच्या बेरजेने भागून सरासरी काढावी आणि तिला एकूण संख्येने गुणावे. येथे एकच हत्ती असल्याने वरचा व खालचा भार परस्परांना छेदून जातो. सांबो निघाल्यास उत्तर २,००,००० किलो, दुसरा निघाल्यास २,२५,००० किलो; दोन्ही उत्तरे व्यवहाराला पटणारी. हेच सूत्र आज हायेक यांच्या नावाने ओळखले जाते.

क्रमांकांची किमया

हायेक यांचे दुसरे मोठे कार्य क्रमांकांवर आधारलेल्या कसोट्यांविषयी आहे. भाताच्या दोन वाणांची तुलना करावयाची आहे, असे समजू. सहा सारख्या तुकड्यांपैकी चिठ्ठ्यांनी निवडलेल्या तीन तुकड्यांत नवे वाण लावले व उरलेल्या तिन्हींत जुने. नव्याचे उत्पन्न ४२, ३८ व ३६ किलो आणि जुन्याचे ३५, ३१ व ३० किलो आले. आता किलो बाजूला ठेवून केवळ क्रम लावला, तर पहिले तिन्ही क्रमांक नव्या वाणाला मिळतात. सहांतून तीन तुकडे निवडण्याचे प्रकार २० आहेत. दोन्ही वाणांत काहीच फरक नसता, तर असा योग २० पैकी एकदाच आला असता. घाईत कोणी ४२ च्या जागी ४२० लिहिले, तर सरासरी पार बिघडेल; क्रमांक मात्र पहिलाच राहील.

नमुना मोठा झाला की असे प्रकार मोजणे हाताबाहेर जाते. तेव्हा या कसोट्या कशा वागतात, याची उपपत्ती हायेक यांनी मांडली. गुंतागुंतीच्या राशीऐवजी तिच्या जवळात जवळची, परस्परांपासून स्वतंत्र अशा सोप्या पदांची बेरीज घेण्याची त्यांची युक्ती 'हायेक प्रक्षेप' म्हणून प्रसिद्ध आहे. झ्बिन्येक शिदाक यांच्यासह त्यांनी लिहिलेला या विषयावरील ग्रंथ १९६७ साली निघाला. १९९९ साली त्याची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तीत कलकत्त्यात शिकलेले प्रणवकुमार सेन हे तिसरे लेखक होते.

१० जून १९७४ रोजी प्राग येथे, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी हायेक यांचे निधन झाले. नमुना-निवडीवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९८१ साली प्रकाशित झाला.

आपल्यासाठी बोध

सूत्र कितीही निर्दोष असो, चिठ्ठीत निघालेले शेत टाळून शेजारचे शेत कापले, तर त्या सूत्राला अर्थ उरत नाही. निवडलेला तुकडा खडकाळ असला तरी तोच कापणे, हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य होय. कापणी आपल्या समक्ष होते किंवा नाही, हे पाहणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. शिक्षकांनी सहा चिठ्ठ्या घेऊन वरील वीस प्रकार मुलांकडून वर्गातच लिहून घ्यावेत. थोड्यांवरून सर्वांचे अनुमान करता येते, मात्र ते थोडे कसे निवडले हे प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे, ही गोष्ट त्यांना तेवढ्यानेही उमगेल.