व्यसनमुक्तीस सोबत हवी

धूम्रपान सोडूं इच्छिणारा मनुष्य बहुधा एकटाच झगडतो व हरला कीं स्वतःस दुबळा म्हणतो. आमच्या मतें हा अन्याय होय. शरीर तंबाखूंतील निकोटीनास सरावलेलें असतें. तें बंद होतांच चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश जाणवतो. पहिले कांहीं दिवस सर्वांत कठीण; पुढें कांहीं आठवड्यांत त्रास ओसरतो. याच काळांत सोबत हवी.

अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम नगरांत १९७१ ते २००३ पर्यंतच्या १२,०६७ व्यक्तींच्या नोंदी अभ्यासिल्या गेल्या. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळलें कीं, पति वा पत्नीनें धूम्रपान सोडल्यास जोडीदारानें तें करण्याचा संभव ६७ टक्क्यांनीं घटतो. मित्रानें सोडल्यास ३६ टक्क्यांनीं. संगतीनें जडलेलें व्यसन संगतीनेंच सुटतें.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, वडिलांनीं विडी टाकली कीं त्यांच्या रागास रागानें उत्तर देऊं नका. जेवणानंतर त्यांच्यासह फिरावयास जा. चुकून एखादी ओढलीच, तर टोमणा न मारतां पुन्हा आरंभ करण्यास धीर द्या. आणि पालकहो, ‘आज मला जड जात आहे’ असें मुलांपाशीं म्हणण्यांत कमीपणा मानूं नका. त्यांतून मुलें जें शिकतील, तें आम्हांस वर्गांत शिकवितां येत नाहीं.